हुन्नर, शाळा आणि दारावरची अट

गड नदी समुद्रास मिळण्यापूर्वी जेथे रुंदावून कालावलच्या खाडीचे रूप धारण करते, तेथे तिच्या दक्षिण तीरावर मसुरे हे गाव आणि त्याच्या डोंगरमाथ्यावर भरतगड, तर समोरच्या उत्तर तीरावर भगवंतगड अशी रचना आहे. मसुऱ्याच्या या डोंगरावर किल्ला बांधावा असे शिवाजी महाराजांच्या मनात १६७० साली आले होते, परंतु पाण्याचा तुटवडा पाहून त्यांनी तो बेत सोडला, आणि पुढे १७०१ साली वाडीच्या फोंड सावंतांनी खडक फोडून विहीर खणविली तेव्हा तेथे किल्ला उभा राहिला, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. तो खडक कोणी फोडला, तट कोणी रचला, दरवाजाचे लाकूडकाम कोणाच्या हातचे, याची नोंद कोणत्याही दप्तराने ठेवलेली नाही. अनेक वाड्यांत पसरलेल्या आणि आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेमुळे आज सर्वत्र ठाऊक असलेल्या या गावाची उपजीविका भातशेती, माड, आंबा, काजू आणि खाडीची मासळी यांवर जितकी चालली, तितकीच, किंबहुना अधिक, मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालली. उद्योगधंद्यांना हवे तसे कुशल मनुष्यबळ सरकारने प्रशिक्षण देऊन तयार करावे, हा विचार आजकाल प्रत्येक अंदाजपत्रकात आढळतो. तो वस्तुतः बराच जुना असून त्याची पारख करावयाची तर मंत्रालयाच्या इमारतीपेक्षा मसुऱ्यासारख्या गावाच्या बाजूने केलेली बरी, कारण प्रशिक्षण घेऊन अगर न घेता घराबाहेर पडणारी माणसे अशाच गावांनी पुरविली आहेत.

अव्वल इंग्रजीपूर्वी गावचा हुन्नर बलुत्याच्या व्यवस्थेत बांधलेला होता. गावास जितके नांगर, तितक्या नांगरांना पुरतील इतकेच सुतार आणि लोहार, आणि त्यांच्या मुलांनी बापाच्या हाताखाली राहून तेच शिकावे, ही वहिवाट होती. शिक्षण आणि गरज यांचे माप इतके तंतोतंत जुळलेली दुसरी व्यवस्था आपल्या इतिहासात सापडणे कठीण. परंतु त्या मापाची किंमत अशी होती की सुताराच्या मुलास लोहार होण्याची मुभा नव्हती आणि कित्येकांना तर कोणताच हुन्नर शिकण्याची मुभा नव्हती. राज्यसत्तेस नवे कौशल्य हवे झाले म्हणजे तिला बलुत्याबाहेर पाहावे लागे. १६५९ च्या सुमारास महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे लढाऊ गलबते बांधावयास काढली तेव्हा रुई लैतांव व्हिएगश नावाच्या पोर्तुगीजास त्याच्या माणसांसह चाकरीस ठेवले होते, आणि पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्या मंडळींस काम सोडावयास लावले तरी गलबते बांधण्याचे काम थांबले नाही. मालवणच्या समुद्रातील सिंधुदुर्ग १६६४ ते १६६७ या तीन वर्षांत उभा राहिला, तोही नानाविध कारागिरांना एका ठिकाणी आणून. अठरा कारखान्यांच्या त्या राज्यात कारखाना हीच शाळा होती आणि जो काम करी तोच शिके.

इंग्रजी अमदानीत शाळा आणि कारखाना यांची फारकत झाली. १८५४ साली, म्हणजे ज्या वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली त्याच वर्षी, सरकारने पुण्यास इंजिनियरिंगचा वर्ग आणि मेकॅनिकल स्कूल उघडले. दोन्ही घटना एका वर्षी घडल्या, परंतु एकीचा दुसरीशी यत्किंचितही संबंध नव्हता. पुण्याच्या वर्गाचा हेतू बांधकाम खात्यास दुय्यम अधिकारी पुरविण्याचा होता. रस्ते, पूल आणि पाटबंधारे यांवर देखरेख करणारी माणसे सरकारला आपल्याच नोकरीसाठी हवी होती. पुढे हीच संस्था इंजिनियरिंग कॉलेज म्हणून नावारूपास आली आणि तिने महाराष्ट्राला फार मोठे अभियंते दिले, हे खरेच. पण गिरण्यांच्या धुराड्यांकडे पाहावयास सरकारला आणि गिरणीमालकांना आणखी तीस वर्षे लागली. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या निमित्ताने मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि १८८९ मध्ये भायखळ्यास तिचे वर्ग सुरू झाले. तिच्यातील विणकामाच्या विभागास रिपन टेक्स्टाइल स्कूल असे नाव होते, तिच्या उभारणीत गिरणीधनिकांचा पैसा होता, आणि १९२३ साली ती माटुंग्याच्या प्रशस्त आवारात गेली. उद्योग आणि शिक्षण यांची सांगड घालण्याचा मुंबई इलाख्यातील हा पहिला जाणीवपूर्वक प्रयत्न म्हणावा लागेल. मात्र तेथील शिक्षण इंग्रजीतून होते. तेथून बाहेर पडणारा तरुण खात्याचा मास्तर, मॅनेजरचा मदतनीस किंवा इंजिनियर होई. साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, उभा राहणारा कामगार तेथे शिकत नसे आणि शिकू शकतही नसे. रत्नागिरीस एक औद्योगिक शाळा निघाली, तीत सुतारकाम, लोहारकाम शिकविले जाई. पण जिल्ह्याची माणसे ज्या धंद्यात हजारांनी शिरत होती त्या धंद्याशी तिचा काही मेळ नव्हता.

जिल्ह्याची माणसे गिरणीधंद्यात किती शिरत होती याची कल्पना खानेसुमारीवरून येते. १९२१ साली मुंबई शहराची वस्ती पावणेबारा लाखांच्या आसपास होती आणि तीपैकी दोन लाखांहून अधिक माणसे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. मालवण तालुका तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. पावसाळा संपून बंदर खुले झाले म्हणजे मालवणहून आगबोटीने निघालेला मसुऱ्याचा पोरगा लालबाग-परळच्या चाळीत गावाच्या खोलीवर उतरे, खानावळीत जेवण लावी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भोंग्याबरोबर काका-मामाच्या मागे गिरणीच्या दरवाज्याशी उभा राही. त्याची खरी शाळा तेथे होती. प्रवेश देणारा हेडमास्तर म्हणजे जॉबर. नव्या पोरास तो कामगाराच्या हाताखाली विनापगारी उभे करी. पोरगा तुटलेले सूत पाहावयास शिके, दोन टोके अंगठ्याखाली आडवी धरून डोळ्याचे पाते लवते न लवते तोच गाठ मारावयास शिके, धोट्यातील कांडी संपत आली हे साच्याच्या आवाजावरून ओळखावयास शिके. कांडी बदलली की नव्या सुताचे टोक धोट्याच्या बारीक डोळ्यातून बाहेर काढावयाचे असे, आणि ते काढण्याची रीत म्हणजे धोटा ओठांशी नेऊन सूत तोंडाने ओढणे. दिवसातून शेकडो वेळा ही क्रिया करावी लागे आणि सुतासंगे कापसाची तंतुमय धूळ छातीत जाई. काही महिन्यांनी कोणी रजेवर गेला, कोणी शिमग्याला किंवा लावणीला गावी गेला, म्हणजे पोराला बदलीचे काम मिळे. जॉबरला दस्तुरी पोचली तर ते लवकर मिळे. बायकांच्या खात्यात हाच अधिकार नायकिणीकडे असे.

या शाळेवर सरकारचा एक पैसा खर्च झाला नाही, आणि जगातील मोठ्या कापडकेंद्रांपैकी एक असलेल्या मुंबईस लागणारे बहुतेक हात तिनेच तयार केले. उद्योगाची गरज आणि शिक्षण यांचा मेळ घालण्यात तिने ज्युबिली इन्स्टिट्यूटलाही मागे टाकले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. तरीही तिचे गुणगान करावयास लेखणी धजत नाही, आणि त्याचे कारण तो धोटा. तोंडाने ओढलेल्या सुताला आणि धोट्याला पुढच्या पाळीच्या कामगाराचे तोंड लागणार, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना साच्याच्या खात्यात येऊ दिले जात नसे. विणकामात मजुरी अधिक होती, आणि तेच खाते त्यांना बंद होते. याच कोकणातून, याच वाड्यांच्या शेजारून मुंबईस गेलेला महार कामगार कमी मजुरीच्या खात्यात राही, त्याच्या हातात कौशल्य कमी होते म्हणून नव्हे, तर ते कौशल्य शिकण्यासाठी ज्या साच्याजवळ उभे राहावयाचे तेथे त्यास उभे राहू दिले जात नव्हते म्हणून. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि कामगारांच्या ऐक्याची भाषा करणाऱ्यांना तो फार अडचणीचा वाटला. बलुत्याची भिंत आगबोटीत बसून मुंबईला गेली आणि गिरणीत जाऊन उभी राहिली.

सरकारच्या बाजूने या काळात समित्या आणि आयोग पुष्कळ झाले. १९१६ साली नेमलेल्या औद्योगिक आयोगाने १९१८ मध्ये अहवाल दिला. मुंबई इलाख्यातील तांत्रिक व औद्योगिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी १९२१-२२ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. व्हिटली यांच्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या सत्तेवर कडक टीका केली. पाठोपाठ गिरण्यांतून लेबर ऑफिसर आले आणि १९३५ पासून बदली कामगारांची नोंद होऊ लागली, त्यामुळे जॉबरचा अंमल काहीसा ढिला झाला. पण कामगारास काम शिकवावे कोणी, हा प्रश्न जेथल्या तेथे राहिला. तो सुटावयाला महायुद्ध यावे लागले. लढाईस फिटर, टर्नर, वेल्डर हवेत म्हणून १९४० साली सरकारने तंत्रज्ञ तयार करण्याची योजना हाती घेतली, युद्ध संपत येताच त्यातून मोकळ्या होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी एक महासंचालनालय निघाले, आणि स्वतंत्र भारतात १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षणाची योजना म्हणून त्याच साच्यात नवे पीठ ओतले गेले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची, म्हणजे आयटीआयची, वंशावळ ही अशी आहे. १९५६ साली या संस्थांचा कारभार राज्यांकडे आला, १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. फिटर, टर्नर, वायरमन ही व्यवसायांची यादी जी युद्धाच्या गरजेतून निघाली तिने पुढे मुंबई-ठाण्याच्या इंजिनियरिंग कारखान्यांची गरज भागविली, आणि त्या काळात ती योग्यच होती. मुंबईत स्थिरावलेल्या गावकऱ्यांच्या मदतीवर कोकणात ज्या अनेक शाळा उभ्या राहिल्या, त्यांतही या वाऱ्याची चाहूल लागली, मसुऱ्याच्या आर. पी. बागवे हायस्कुलाच्या नावास जोडून आजही टेक्निकल इन्स्टिट्यूट हे शब्द लिहिले जातात.

याच सुमारास मसुऱ्यापासून फार लांब नसलेल्या कणकवलीस एक वेगळा प्रयोग चालू होता आणि सरकारी इतिहासात त्यास क्वचितच जागा मिळते. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली गोपुरी आश्रम स्थापन केला. मेलेल्या जनावराचे कातडे सोडवून ते कमावणे आणि मैल्याचे निर्मळ सोनखत करणे, हे जे उद्योग गावाने काही जातींवर लादून त्यांना अस्पर्श ठरविले होते, ते अप्पासाहेबांनी स्वतः शिकून तेथे शिकविले. संस्कृतज्ञ ब्राह्मण माणसाने चामडे सोलावे याचे तत्कालीन कोकणास आश्चर्य वाटले आणि किळसही वाटली. कारखानदारीच्या दृष्टीने गोपुरी फार वाढली नाही, तिचे हिशेब आयोगांच्या कोष्टकांत बसण्याजोगे नव्हतेही. माझ्या मते कोकणातील धंदेशिक्षणाच्या इतिहासात तिची योग्यता मोठी आहे, कारण कोणी काय शिकावे या जुन्या हुकुमावर तिने पहिला घाव घातला.

मग १९८२ साल उजाडले. १८ जानेवारीस मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि संप रीतसर कधी संपलाच नाही. योगायोग असा की त्यापूर्वी आठ-नऊ महिने, १ मे १९८१ रोजी, रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग हा नवा जिल्हा झाला होता. जिल्ह्याची नवी कचेरी मांडली जात असतानाच चाकरमानी गाठोडे बांधून परत येऊ लागले. वीस-पंचवीस वर्षे साच्यावर काढलेल्या माणसाचा हात ज्या कौशल्याने सजलेला होता त्या कौशल्याला मसुऱ्यात काडीचीही किंमत नव्हती. आणि सरकारी प्रशिक्षणाच्या वयोमर्यादेत तो बसत नव्हता. ज्या शाळेने त्याला घडविले तिच्याकडे प्रमाणपत्र नव्हते, आणि ज्या शाळेकडे प्रमाणपत्र होते तिचे दार त्याला बंद होते. मनीऑर्डर थांबली तेव्हा कित्येक घरांतल्या बायकांनी काजूच्या कारखान्यात बी फोडावयास जाऊन संसार रेटले, आणि ते काम त्या आई-सासूकडूनच शिकल्या.

या जिल्ह्यात सरकारी विद्येने खरोखर हातांना काम दिले असेल तर ते कलमाच्या धंद्यात. वेंगुर्ल्यास १९५७ साली फळ संशोधन केंद्र निघाले, १९७२ मध्ये दापोलीस कोकण कृषी विद्यापीठ झाले, आणि या दोन ठिकाणी आंब्याच्या कोय कलमाची आणि काजूच्या मृदकाष्ठ कलमाची पद्धत घोटून पक्की करण्यात आली. जुन्या भेट कलमासाठी रोप झाडाजवळ न्यावे लागे, मचाण बांधावे लागे आणि महिनोन्‌महिने थांबावे लागे. कोय कलमाचे काम बसल्या जागी होते. आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत कोय रुजून दहा-पंधरा दिवस झाले, पाने अजून तांबूस आहेत, अशा वेळी कोयीपासून तीन-चार बोटांवर रोप आडवे छाटावयाचे, त्यास मधोमध उभी चीर द्यावयाची, निवडलेल्या हापूसच्या काडीचे टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे तासून त्या चिरेत बसवावयाचे आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावयाचे. काडी आणि रोप यांची जाडी सारखी नसली तर साल सालीस मिळत नाही आणि कलम मरते. हे बोटांना कळावे लागते, पुस्तकाने कळत नाही. ही विद्या प्रयोगशाळेत पडून राहिली असती. पण १९९० साली महाराष्ट्र सरकारने रोजगार हमीशी सांगड घालून फळबाग लागवडीची योजना आणली, पडीक वरकस जमिनीत लावावयास एकाएकी लाखो कलमे हवी झाली, आणि वेंगुर्ले, कुडाळ, मालवण या भागांत रोपवाटिका उभ्या राहिल्या. सातवी-आठवीतून शाळा सोडलेली मुले आणि घरातल्या बाया कलमे बांधावयास बसल्या, नगावर मजुरी घेऊ लागल्या, आणि ज्याचा हात चांगला त्याला दुसऱ्या रोपवाटिकेतून बोलावणे येऊ लागले. येथे सरकारने आधी मालाला गिऱ्हाईक निर्माण केले आणि विद्या मागाहून आपल्या पायांनी चालत गावात गेली. प्रशिक्षणाच्या योजना आखणारे अधिकारी हा क्रम बहुधा उलटा धरतात.

मालवणच्या किनाऱ्यावर त्याच जातीचे दुसरे उदाहरण आहे. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे प्रशिक्षण केंद्र तेथे आहे आणि सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात सागरी मासेमारी, नौकानयन आणि नौकेच्या डिझेल इंजिनाची देखभाल हे विषय शिकविले जातात. वर्तमानपत्रांत त्याच्या प्रवेशाची जी जाहिरात येते ती मुद्दाम वाचण्यासारखी असते. उमेदवार क्रियाशील मच्छीमार असावा, त्यास पोहता यावे, आणि शिक्षण म्हणावे तर चौथी उत्तीर्ण एवढे पुरे. माटुंग्याच्या संस्थेने इंग्रजी मागितले, आयटीआय बहुतेक व्यवसायांना दहावीचा दाखला मागते, आणि हे केंद्र पोहणे मागते. गाबीत मच्छीमाराचा जो मुलगा बापाबरोबर रापणीच्या दोराला हात लावीत वाढला, ज्यास वारा, भरती आणि तळाचा खडक तांडेलाच्या शेजारी बसून कळला, त्याला जे ठाऊक नाही, म्हणजे इंजिनाचे पोट, होकायंत्र आणि नकाशा, तेवढेच शिकवावे, ही त्यातील दृष्टी. यांत्रिक नौकांची पर्ससीन जाळी आणि किनाऱ्यावरून ओढण्याची पारंपरिक रापण यांच्या भांडणात मासळीच कमी झाली, तर केवळ इंजिन शिकवून भागणार नाही, हा प्रश्न वेगळा आणि तो प्रशिक्षणाच्या आटोक्याबाहेरचा.

सिंधुदुर्गास १९९७ साली पर्यटन जिल्हा घोषित करण्यात आले. बरीच वर्षे त्या घोषणेचा अर्थ हॉटेलात वेटर लागतील इतकाच घेतला गेला. परंतु गेल्या दशकात तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा डायव्हिंगची संस्था उभारली, आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने चाललेल्या प्रकल्पातूनही स्थानिक तरुणांना पाण्याखाली उतरण्याचे शिक्षण मिळाले. मच्छीमारांच्या घरातली मुले आज मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांचा हात धरून त्यांना सिंधुदुर्ग किल्ल्यालगतची प्रवाळे दाखवितात. बापाने ज्या खडकात जाळे अडकू नये म्हणून जपले, तोच खडक मुलाची रोजी झाला आहे. आणि पोहणे येथेही आधीपासून येतच होते.

मालवणातही आयटीआय आहे आणि कुंभारमाठावर शासकीय तंत्रनिकेतन आहे. तेथून उत्तीर्ण होणारी पुष्कळ मुले गोव्यातील औषधांच्या कारखान्यांत, नाहीतर पुण्याकडच्या मोटारींच्या कारखान्यांत जातात. त्यात वावगे काही नाही. चाकरमानी होणे हा या मातीचा जुना पेशा आहे आणि भराडीदेवीच्या जत्रेस त्यांची गर्दी होतच राहील. परंतु आंबा, काजू, मासळी आणि पाहुणा हे जिल्ह्याचे चार धंदे असताना त्यांतील यंत्रे दुरुस्त करणारा माणूस अजून कोल्हापुराहून किंवा मडगावहून बोलवावा लागतो, शीतगृह बंद पडले तर दोन दिवस माल सडतो, ही स्थिती बदलावयाची असेल तर नव्या संस्थेच्या कोनशिलेपूर्वी सरकारने प्रवेशाची अट लिहावयास घ्यावी. कलमे बांधणारी बाई, कारखान्यात बी फोडणारी बाई आणि चौथी शिकलेला तांडेल यांना दहावीच्या दाखल्यावाचून त्या दारातून आत घेता येईल अशी ती अट असावी, आणि ती लिहिताना मालवणच्या मत्स्य केंद्राची जाहिरात समोर ठेवावी.